चालत जिना चढणारा जखमी

गावातली माणसं त्याला जखमी म्हणत. खरं तर आयुष्यात त्याला मोठं असं काही कधी लागलं नव्हतं. चाळिशीत एकदा पाठीत उसण भरली होती आणि एक दाढ काढली होती, एवढीच काय ती दुखणी. पण तो नगरपालिकेत शिपाई होता, आणि शिपायाला जे सांगतील ते व्हावं लागतं. त्याला सांगितलं जखमी हो. तो झाला. बारा वर्षं झाला.

त्याचं असं झालं. बारा वर्षांपूर्वी गावातल्या बर्फाच्या कारखान्यातून वायू सुटला. सकाळची वेळ होती. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, कोणीतरी पळा म्हणालं आणि अख्खं गाव पळालं. कुठं पळायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून जो तो पुढच्याच्या मागे पळाला, आणि सगळ्यांत पुढचा पळाला तो नेमका वाऱ्याच्या दिशेनं. वायू चालला होता तिकडेच गाव चाललं होतं, पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला निघाल्यासारखं. नशीब चांगलं, कोणी दगावलं नाही. चाळीस-पन्नास माणसं मात्र आठ दिवस खोकत पडली.

मग वरून हुकूम आला. दर वर्षी सराव करायचा. भोंगा वाजवायचा, चौकात एक जखमी पाडायचा, त्याला उचलून इस्पितळात वरच्या वॉर्डापर्यंत न्यायचं आणि किती मिनिटं लागली ते लिहून पाठवायचं. तहान लागल्यावर खणलेली विहीर, पण खणली तरी.

पहिल्या वर्षी जखमी म्हणून एका तरुण कारकुनाचं नाव निघालं होतं. त्यानं नवी पँट घातली होती, रस्त्यावर पडायला तो तयार होईना. तेव्हा हेडक्लार्क शिपायाकडे वळून म्हणाला, "तू पड रे. नुसतं पडून तर राहायचंय. ऑफिसात तरी दुसरं काय करतोस?"

सगळे हसले. शिपाईही हसला. हसण्यावारी नेलं की काम आपल्या गळ्यात पडतं, हे त्याला तोवर बऱ्याच वेळा कळून चुकलं होतं, तरी तो हसला.

संकटाच्या वेळी लागणाऱ्या सामानाचं एक कपाटही आलं होतं. त्याची किल्ली जखमीच्या कमरेला. कपाटात दोर, विजेऱ्या, हेल्मेटं, कर्णा. पण वस्तू म्हटलं की तिला पाय फुटतात. कर्णा शाळेच्या शर्यतींना गेला. दोर मंडपवाल्याकडे. विजेऱ्यांचे सेल हळूहळू भिंतीवरच्या घड्याळांत गेले. हेल्मेटं तर कोणाकोणाच्या मोटारसायकलीवर दिसायची. सरावाच्या आदल्या दिवशी जखमी दारोदार फिरून सगळं गोळा करी आणि कपाटात मांडून ठेवी. सराव झाला की दुसऱ्या दिवशी जो तो येऊन आपापलं परत घेऊन जाई. रागावण्याइतका जोर त्याच्यात उरला नव्हता. तो नुसती किल्ली फिरवून दार उघडून द्यायचा.

आता मुख्य गोष्ट. इस्पितळाला लिफ्ट होती, रोजचे आजारी लिफ्टनंच वर जायचे. पण सरावाचा नियम असा की संकटात लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानं न्यायचं. जिना नऊ पायऱ्या वर जायचा, मग एक वळण, मग परत नऊ पायऱ्या. वळणावर कठड्यापासून छतापर्यंत लोखंडी जाळी. कोणी खाली पडू नये म्हणून लावलेली.

पहिल्या वर्षी वॉर्डबॉयनं आणि गाडीच्या ड्रायव्हरनं त्याला स्ट्रेचरवर घालून नऊ पायऱ्या चढवल्या आणि वळणावर घोडं अडलं. स्ट्रेचर वळेना. त्यांनी ते तिरकं केलं. जखमी घसरला, त्याचं कोपर जाळीवर आपटलं आणि लाल रंग लावलेल्या माणसाला खरंखुरं रक्त आलं. वॉर्डबॉयला सगळे लांब्या म्हणत, उंच आणि किडकिडीत माणूस. त्याचे हात लटलट कापत होते. वरून हेडक्लार्क हातात घड्याळ धरून ओरडत होता, "आलं का? आठ मिनिटं झाली!" वळणाच्या पलीकडचं त्याला दिसत नव्हतं.

जखमीला त्या दोघांची दया आली. तो म्हणाला, "थांबा रे, मीच उतरतो."

तो उतरला. दोघांनी स्ट्रेचर उभं करून वर नेलं. जखमी त्यांच्या मागोमाग नऊ पायऱ्या चढला आणि शेवटच्या पायरीवर पुन्हा आडवा झाला. दोघांनी त्याला उचललं आणि वॉर्डात नेलं. अकरा मिनिटं. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते चौकटीत घालून कार्यालयात लावलं.

पुढल्या वर्षी कोणी काही बोललं नाही. वळण आलं, जखमी उतरला, चढला, निजला. मग तीच रीत पडली. चढणीला लागलेले बैल जसे न सांगता जोर लावतात तसे तिघंही न बोलता ते करायचे. एका वर्षी तर नऊच मिनिटं लागली. त्या वर्षी जखमीला घरी काम होतं, तो दोन-दोन पायऱ्या चढला होता.

घरी त्यानं हे बायकोला हसत हसत सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं आहे. मरायला टेकलेला माणूस स्वतःच चालत जातो, आणि शाबासकी हेडक्लार्कला."

मग नोकरीच्या शेवटच्या वर्षी, सरावाला पंधरा दिवस उरले असताना, बायको पडली. स्टुलावर चढून फळीवरचा डबा काढत होती. स्टुलाचा एक पाय आखूड होता, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवडे निजवून ठेवलं, पायाला वजन बांधलं आणि सांगितलं, कूस म्हणून बदलायची नाही. लिफ्टनं तिला वर नेलं. बायकांच्या वॉर्डात आठ खाटा होत्या, तिची खिडकीजवळची.

जखमी रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी परतताना तिच्याकडे जायचा. डबा न्यायचा, तिचे केस विंचरून द्यायचा. केस विंचरायला तो फारच वाईट होता. ती म्हणायची, "अहो, हे डोकं आहे, फाइल नाही. गाठ मारू नका."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती छताकडे बघत पडली होती. एकदम म्हणाली, "इथं आग लागली तर?"

"कशाला लागेल?"

"लागते तेव्हा विचारून लागते का? खाली औषधांची खोली आहे, सगळे पुठ्ठ्याचे खोके. मला कोण नेईल खाली?"

"नेतात की. त्यासाठीच तर सराव असतो. दर वर्षी नाही का मला वर आणत?"

ती मान वळवून त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला आणतात, की तुम्ही येता?"

जखमीच्या हातातली फणी केसात तशीच राहिली.

तो निघाला तो लिफ्टनं नाही, जिन्यानं. वळणावर उभा राहिला. खिशात फायली बांधायची सुतळी असायची. त्यानं ती काढून वळणाची लांबी घेतली, गाठ मारली. मग खाली जाऊन लांब्याला स्ट्रेचर काढायला लावलं आणि त्याच्यावर सुतळी धरली. स्ट्रेचर वळणापेक्षा वीतभर मोठं होतं.

लांब्या म्हणाला, "दादा, हे तर आपल्याला माहीतच आहे."

"माहीत आहे रे. पण मोजलं नव्हतं."

वर आठ खाटा. चार बायका धरून धरून चालवता येण्यासारख्या. उरलेल्या चार, बायकोसकट, जागच्या हलणाऱ्या नव्हत्या. आणि बारा वर्षं कागदावर लिहून गेलं होतं की या जिन्यानं न हलणारा माणूस नऊ-अकरा मिनिटांत नेता येतो. तो न हलणारा माणूस आपण. त्या दिवशी त्याला घरी भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो हेडक्लार्कसमोर उभा राहिला. "भाऊसाहेब, त्या जिन्यातनं स्ट्रेचर जात नाही."

हेडक्लार्क कागदावरून नजर न काढता म्हणाला, "बारा वर्षं जातंय ना?"

"ते जात नाही. मी जातो."

हेडक्लार्कनं चष्मा काढला. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याची आई आजारी होती, मुलीचं लग्न मोडलं होतं, आणि टेबलावरच्या कागदांचा ढीग गेल्या सात वर्षांत कधी हनुवटीच्या खाली आला नव्हता. तो सगळं समजला. समजूनच म्हणाला, "हे बघ, यंदा वरचे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. दोन महिन्यांनी तू रिटायर होतोस. तुझ्या निरोपाला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळही सांगून ठेवलंय. नीट पड, नीट उठ, आणि सुखानं घरी जा. जाळीचं आपण नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर."

नंतर म्हणजे कधीच नाही, हे शिपायाला सांगावं लागत नाही. तीस वर्षं त्यानं 'नंतर'च्याच फायली इकडून तिकडे नेल्या होत्या.

सरावाचा दिवस उजाडला. दहाला भोंगा वाजला. भोंग्यातली कबुतरं उडाली. जखमी चौकात ठरलेल्या जागी आडवा झाला. दुकानं चालूच होती. शिंपी दारात येऊन म्हणाला, "काय दादा, यंदा कुठं लागलंय?"

"डोकं आणि पाय."

"मागच्या वर्षी पोट होतं. तब्येत सुधारली म्हणायची."

गळ्यात बांधायच्या फिती आल्या. नियम असा होता की चालू शकेल त्याला हिरवी, थोडा थांबू शकेल त्याला पिवळी, ताबडतोब न्यायचा त्याला लाल, आणि संपलाच असेल त्याला काळी. एका वर्षी लाल फिती संपल्या म्हणून त्याला काळी बांधली होती, आणि अर्धा तास कोणी उचललाच नाही. तेव्हापासून लाल फीत तो स्वतःच खिशात ठेवायचा. आज ती काढून दिली.

गाडी आली. लांब्या आणि ड्रायव्हरनं त्याला उचललं. लांब्याच्या डोक्यावर आता केस नव्हते, ड्रायव्हरचं पोट सुटलं होतं. इस्पितळ आलं, जिना आला, नऊ पायऱ्या झाल्या. वळणावर दोघं थांबले, न बोलता, नेहमीसारखे. आणि जखमी उतरला नाही.

"दादा, आलं," लांब्या हळूच म्हणाला.

"आलं ना? मग न्या."

"थट्टा नका करू. हात तुटले."

"खाली ठेव हवं तर. मी नाही उतरत. डोकं आणि पाय मोडलाय माझा."

ड्रायव्हर म्हणाला, "अहो, नोकरीचे दोन महिने राहिलेत तुमचे. कशाला अंगावर ओढून घेताय?"

"तिकडे वर माझी बायको आहे. तिला सांग उतरून चालायला."

मग त्यांनी स्ट्रेचर तिरकं करून पाहिलं, जखमी घसरला. डोकं खाली करून पाहिलं, तो दोन्ही हातांनी दांडे धरून राहिला. जाळीत कोपर अडकलं, तेच बारा वर्षांपूर्वीचं. वरून हेडक्लार्कची हाक आली, "बारा मिनिटं झाली! काय चाललंय?" थोड्या वेळानं, "वीस!" मग हाका थांबल्या आणि पावलं ऐकू आली.

हेडक्लार्क वळणावर आला. त्यानं खाली निजलेल्या माणसाकडे पाहिलं. आवाज न चढवता, जवळजवळ विनवल्यासारखा म्हणाला, "ऊठ ना रे."

"भाऊसाहेब, तुम्हीच सांगा, कसा उठू?"

त्याच्या मागे वरचे साहेब उभे होते. घामानं सदरा भिजलेला, गेल्या महिन्याभरातलं त्यांचं हे सहावं गाव. त्यांनी जाळीकडे पाहिलं, स्ट्रेचरकडे पाहिलं आणि विचारलं, "दर वर्षी कसं नेता?"

लांब्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. हेडक्लार्क घड्याळाला किल्ली द्यायला लागला, आणि ते घड्याळ सेलवरचं होतं.

तेव्हा खालून जखमीच बोलला. "दर वर्षी मी चालत जातो, साहेब. या वरच्या नऊ पायऱ्या मी चढतो, मग वर निजतो. या दोघांना मीच सांगितलं होतं. यांचे हात भरून यायचे म्हणून. वरच्यांना दिसत नव्हतं."

बारा वर्षांचं ओझं, पण सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

साहेब मटकन पायरीवर बसले. रुमालानं मान पुसली. "म्हणजे वरच्या बायकांना खाली आणायचं झालं तर?"

"तेच विचारायला पडलोय."

पायरीवर वॉर्डाची मावशी येऊन उभी होती, हातात झाडू. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "लिफ्ट बंद असली की गेलेल्यांना आम्ही चादरीत नेतो. चार टोकांना चौघं. मेलेला बरोबर जातो, साहेब. जिताच अडकतो."

"मग जिवंतांनाही चादरीतच न्यायचं," साहेब म्हणाले.

"इतरांना चालेल. पण वर खुब्याची बाई आहे, पायाला वजन बांधलेलं. तिला चादरीत घातली तर धड असलेलं हाडही जायचं."

मग तिथं बसूनच वळणाचं माप झालं. सुतळी जखमीच्या खिशात होती, गाठींसकट. साहेबांनी ती बघितली. घड्याळ बंद केलं तेव्हा सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. कागदावर तेवढीच लिहिली. खाली साहेबांनी एक ओळ लिहिली: वळणावरची जाळी कापून उघडणारी करावी.

आता कोणाला वाटेल, दुसऱ्या दिवशी जाळी कापली. सरकारी ओळ आणि लोखंड यांच्यामध्ये बरंच अंतर असतं. कागद बांधकामाकडे गेला. बांधकाम म्हणालं इस्पितळाची संमती हवी. इस्पितळ म्हणालं जाळी बांधकामाची. दरम्यान कार्यालयातली शाबासकीची चौकट उतरली, भिंतीवर तिच्या जागी पांढुरका चौकोन राहिला. आणि जखमीला लेखी विचारणा झाली: आपण बारा वर्षे चालत का गेलात याचा खुलासा करावा.

खुलाशाचा कागद घेऊन तो बायकोजवळ बसला. "काय लिहू?"

"खरं लिहा. लिहा की उचलणाऱ्यांचे हात कापत होते."

"एवढंच?"

"आणि लिहा, चूक झाली. चूक तर झालीच ना?"

"झाली," तो म्हणाला. त्यानं दोन्ही ओळी लिहिल्या. अक्षर वाईट होतं, पण वाचता येत होतं.

भिंतीवरच्या घड्याळाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. लांब्या आठ दिवस त्याच्याशी धड बोलला नाही, कारण खुलासा त्यालाही द्यावा लागला होता. नवव्या दिवशी मात्र डबा वर न्यायला तोच पुढे झाला.

जखमी रोज सकाळी बांधकामाच्या खोलीबाहेर जाऊन उभा राहायचा. भांडायचा नाही. नुसता उभा. तिथला माणूस म्हणायचा, "आज नाही." तो म्हणायचा, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी परत. संध्याकाळी बायकोच्या खाटेशी बसला की ती विचारायची, "जाळी?" तो मान हलवायचा. मग दोघंही खालच्या औषधांच्या खोलीबद्दल बोलायचं टाळायची. एकदा कुठून तरी जळका वास आला. खाली मावशीचं दूध उतू गेलं होतं. तेवढ्यात जखमीनं वजनाची दोरी सोडायला हात घातलाही होता. बायकोनं त्याचं मनगट धरलं. "थांबा. दूध आहे." त्यानं हात काढून घेतला आणि खाली जाऊन औषधांच्या खोलीत डोकावून आला.

लोहार आला तेव्हा सहावा आठवडा लागला होता. बायकोला घरी जायला चारच दिवस राहिले होते. शेजारच्या खाटेवर मात्र त्याच दिवशी एक म्हातारी नव्यानं आली होती, तिचाही खुबाच मोडलेला. लोहारानं कंबरेपासून वरची जाळी कापली, कठड्याला बिजागऱ्या लावल्या, कडी बसवली. सगळं धरून दोन तासांचं काम.

लोहार गेल्यावर लांब्यानं स्ट्रेचर आणलं. भोंगा वाजवला नव्हता, हेडक्लार्क नव्हता, घड्याळही नव्हतं. "निजा," तो म्हणाला. "बघू तरी."

जखमी निजला. नऊ पायऱ्या झाल्या. वळण आलं आणि सवयीनं त्याचा एक पाय खाली सुटला. ड्रायव्हरनं तो उचलून परत वर ठेवला. "गप पडा आता."

त्यांनी कडी काढली, जाळी उघडली, स्ट्रेचरचं तोंड मोकळ्या जागेवरून फिरवलं आणि पुढच्या पायरीकडे वळवलं. कुठं काही आपटलं नाही. जखमीला वळणावरचं छत दिसलं. बारा वर्षं या जिन्यात येऊन ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ओलीचा एक मोठा डाग होता, आणि एका कोपऱ्यात कोळ्याचं जाळं.

वॉर्डात त्याला बायकोच्या खाटेशेजारी खाली ठेवलं. तिनं मान वळवली.

"आणलं का?"

"आणलं," तो म्हणाला.

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. पाच आठवड्यांच्या धावपळीनंतर, की बारा वर्षांच्या चढणीनंतर, कोण जाणे, पाठीला टेकण मिळताच त्याला झोप लागली. लांब्या आणि ड्रायव्हर घोटाळत उभे राहिले. खालून दुसऱ्या आजाऱ्याला आणायचं होतं, स्ट्रेचर एकच. ड्रायव्हरनं वाकून त्याच्या खांद्याला हात लावला.

"राहू द्या हो पाच मिनिटं," बायको म्हणाली. "जखमी आहेत ते."